उलट मठार

माझं शिक्षण चौथीपर्यंत. लिहिताना चुका होतील, पण खोटं लिहिणार नाही. खोटं बोलून झालंय माझं. तेही कर्वेनगरच्या एका कॉलेजात, भरल्या सभागृहात, हातात माईक घेऊन. बोललो मी आणि भोगलं माझ्या नातीने.

मी तांबट. कसब्यात आमची आळी आहे. सकाळी नऊपासून तांब्यावर हातोडे पडायला लागतात ते दिवेलागणीपर्यंत. नवीन माणूस कानावर हात ठेवतो. आम्हाला आवाज थांबला की दचकायला होतं. खाली दुकान, मागे एक आतली खोली, वर घर. वर मी, मुलगा, सून आणि नात. बायको होती, ती जाऊन पावणेदोन वर्षं झाली. अजून सकाळी चहा आला की मी तिच्यासाठी बशी पुढे सरकवतो. सून बशी उचलून ठेवते.

नात कॉमर्सला आहे. तिच्या कॉलेजात पोरांचं एक मंडळ आहे, बिझनेस क्लब म्हणतात. मास्तर वगैरे कोणी नाही, पोरंच चालवतात. दर शनिवारी दुपारी जमायचं. धंद्यात, कंपनीत कसं वागायचं, कसं बोलायचं, याची तालीम करायची. आधी मला वाटलं, पैसेवाल्यांच्या पोरांचे चाळे असतील. पण ही शनिवार चुकवायची नाही. मैत्रिणीचा काळा कोट मागून आणायची, तो खांद्यात सैल व्हायचा, आत टाचण्या लावायची.

घरी तालीम माझ्यावर चालायची.

"आजोबा, हात द्या. अहो, असा मेल्यासारखा नाही, घट्ट. आणि डोळ्यात बघायचं."

"तुझ्या डोळ्यात बघून काय करू? काजळ पसरलंय."

"आजोबा, सीरियसली घ्या ना!"

त्यांचा एक रिवाज होता. बैठक सुरू झाली की ज्याची पाळी असेल त्याने उभं राहून एका मिनिटात सांगायचं, मी कोण आणि मी काय केलंय. मिनिट झालं की टेबलावरची घंटी वाजते. घंटी वाजली की वाक्य अर्धं असलं तरी खाली बसायचं. नात आरशासमोर मिनिट लावून बोलायची. सुरुवातीला तिचं बोलणं निम्म्यातच घंटीत अडकायचं, रडकुंडीला यायची. पुढे पुढे शेवटचा शब्द आणि घंटी बरोबर एकत्र यायला लागली. मी खाली ठोकत असायचो, वरून ऐकू यायचं. बायको असती तर कौतुकाने जिन्यात उभी राहिली असती. मी कौतुक करणाऱ्यांतला नव्हे.

यंदा क्लबाने स्पर्धा ठेवली. तिघातिघांचे गट. प्रत्येक गटाने एक छोटा धंदा निवडायचा, तो नीट अभ्यासायचा, वाढवायचा कसा ते परीक्षकांसमोर मांडायचं. जो गट जिंकेल त्याला खराडीच्या एका कंपनीत सुट्टीतले दोन महिने काम शिकायला मिळणार. नातीला ते फार हवं होतं. तिचा बाप कारखान्यात पाळीवर जातो, मी हा असा. खराडीला आमच्यातलं कोणी भांडं पोचवायलाही गेलेलं नाही. ती म्हणायची, "आजोबा, तिथे एकदा आत शिरले ना, की पुढचं मी बघते." त्यांच्या गटाची पुढारी तीच, आणि तिने धंदा निवडला आमचा.

महिनाभर दुकानात वही घेऊन बसली. पत्रा कुठून येतो, कोण कापतो, कोण घडवतो. मी सांगत होतो, ती लिहीत होती. मग मी फळीवरची भांडी खाली काढून दिली आणि ती फोटो काढायला लागली. एक लोटा उलटा करून म्हणाली, "आजोबा, ही डिझाइन वेगळी आहे ना? बाकीच्या दुकानांत अशी दिसत नाही."

"उलट मठार म्हणतात तिला. आपली खासियत आहे."

"कोणी काढली?"

"मी."

"आणि आजी काय करायची?"

"आजी? आजी घर बघायची. भांडी चिंच लावून घासायची. दुसरं काय करणार?"

तिने ते तसंच लिहून घेतलं. तिथेच मी पेन थांबवायला हवं होतं.

ही मठार म्हणजे काय ते सांगतो. भांडं घडून झालं की त्यावर लहान हातोडीने सगळीकडून एकसारखे ठोके द्यायचे. त्याने पत्रा घट्ट होतो आणि लकाकी येते. प्रत्येक ठोका आधीच्या ठोक्यावर जरासा चढतो, माशाच्या खवल्यासारखा. उजव्या हाताने ठोकणारा डाव्या हाताने भांडं फिरवतो, म्हणून आळीत सगळ्यांचे खवले एकाच बाजूला चढलेले असतात. आमच्या भांड्यांचे दुसऱ्या बाजूला. कारण ते डाव्या हाताने ठोकलेले आहेत. मी उजवा आहे. डावरी माझी बायको होती.

मी चाळिशीत असताना सायकलवरून पडलो आणि मनगट मोडलं. हाड जुळलं, पण हात पहिल्यासारखा झाला नाही. घडण जमायची, मठार जमेना. एक ठोका खोल, एक वरवर. गिऱ्हाईक भांडं हातात फिरवायचं आणि परत ठेवायचं. एका दुपारी मी तसंच एक भांडं आदळलं. बायको आतून आली, पोचा आलेलं भांडं उचललं आणि म्हणाली, "द्या इकडे."

"तू काय करणार?"

"माहेरी भाऊ नव्हता मला. बाबांची मठार शेवटी शेवटी मीच करायचे."

लग्नाला तेव्हा अठरा वर्षं झाली होती. मला हे माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

आमच्या लोकांत बाई ऐरणीवर बसत नाही. भांडी घासेल, भट्टीचा भाता ओढेल, कल्हईला मदत करेल, पण हातोडी पुरुषाची. आळीत कळलं असतं तर म्हणाले असते, याचा हात गेला, आता बायकोच्या हातावर जगतो. म्हणून ती आतल्या खोलीत बसायची, दार लावून. तिने स्वतःसाठी लहान हातोडी घेतली, दांड्याला जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळली. आळीत एवढे ठोके पडत असतात की कोण कुठे ठोकतंय ते ऐकून कोणाला कळणार? आणि कोणी मागे डोकावलंच तर मी ओरडायचो, "अगं, चहा टाक!" मग ती हातोडी पिठाच्या डब्यामागे ठेवून पदराला हात पुसत बाहेर यायची. मुलाला ठाऊक होतं, पण त्यालाही तोंड उघडायची मनाई होती.

सव्वीस वर्षं असं चाललं. गिऱ्हाइकं विचारायला लागली, हे खवले उलटे कसे? मी म्हणालो, घराण्याची कला. बोलता बोलता मलाच खरं वाटायला लागलं. आमच्या समाजाच्या मंडळाने त्या मठारीसाठी माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ, फोटो. मी भाषण केलं, वडिलांचे उपकार मानले. बायको बायकांच्या रांगेत तिसरी बसली होती. टाळ्या वाजवत होती. घरी आल्यावर तिने शाल घडी करून कपाटात ठेवली आणि म्हणाली, "उद्याचे चार लोटे राहिलेत, लवकर झोपते." एवढंच म्हणाली.

तर स्पर्धेचा दिवस. नातीने मला न्यायचं ठरवलं होतं, कारागीर स्वतः मंचावर दाखवणार. मी नाही म्हणायला हवं होतं. पण पोरगी म्हणाली, "आजोबा, तुम्ही आलात ना तर बाकी सगळे गट पाणी भरतील." मी फुगलो. वीस-पंचवीस ठोके कसेही मारीन, त्या पोरांना काय कळतंय, असा हिशेब केला. पांढरा सदरा इस्त्री करून घेतला. ऐरण रिक्षात घालून कर्वेनगरला गेलो.

नात काय बोलली! कोटाच्या टाचण्या दिसत नव्हत्या, आवाज कापत नव्हता. पडद्यावर आमचं दुकान, आमची भांडी, आणि खाली माझा फोटो. परीक्षक म्हणून खराडीच्या त्या कंपनीतल्या एक बाई होत्या, पिकलेले केस, चष्मा, हसऱ्या. त्या म्हणाल्या, "काका, थोडं करून दाखवता का? फार इच्छा आहे बघायची."

मी बसलो. वाटी ऐरणीवर धरली, ठोके दिले. तेवढे वीस-पंचवीस बरे पडले. टाळ्या झाल्या. मी वाटी वर धरून दाखवली.

त्यांच्यात दुसऱ्या गटाने प्रश्न विचारायचा नियम आहे. पलीकडच्या गटातला एक मुलगा उठला. कुरळे केस, नांदेडकडची बोली. चेष्टा नव्हती त्याच्या आवाजात, खरंच जाणून घ्यायचं होतं.

"सर, एक डाउट होता. फोटोतल्या लोट्यावर सगळे ठोके डावीकडं चढल्यात. आत्ता तुमी मारले ते उजवीकडं चढल्यात. तर युनिक डिझाइन म्हणलं ते कोणतं?"

परीक्षक बाईंनी वाटी मागितली, चष्मा वर सरकवून पाहिली, मग पडद्याकडे पाहिलं. "खरंच की," म्हणाल्या. मग नातीला विचारलं, "हे फोटो तुमच्याच दुकानातल्या वस्तूंचे आहेत ना?"

"हो मॅडम. आमच्याच फळीवरचे आहेत. आजोबा, सांगा ना."

माईक माझ्या हातात दिला. एक वाक्य बोलायचं होतं. ते माझ्या बायकोने केलंय. एवढंच. मला दिसत होती ती आळी, तो सत्कार, ती शाल. दीडशे पोरं माझ्याकडे बघत होती, त्यांतल्या एकाचाही आमच्या आळीशी काही संबंध नव्हता. तरी माझी हिंमत झाली नाही.

मी म्हणालो, "फोटो हिने काढलेत. कुठून आणलेत हिला विचारा. मला त्यातलं काही कळत नाही."

नात माझ्याकडे बघत राहिली. हळूच म्हणाली, "आजोबा, तो लोटा तुम्हीच काढून दिलात मला."

"मला नाही आठवत," मी म्हणालो.

म्हातारा माणूस, आठवत नाही म्हणाला की पुढे कोण विचारणार? सगळ्यांना वाटलं, म्हातारा भोळा आहे, नातीनेच कुठलं तरी छान भांडं उचलून फोटो लावले आणि आजोबाला पुढे केलं. नातीने हातातले कागद सारखे केले, कडा जुळवल्या, खाली उतरली.

त्यांच्या क्लबाचा एक नियम भिंतीवर लिहिलेला आहे: जे मांडाल ते खरं पाहिजे. तो नियम मोडला म्हणून तिचा गट बाद झाला. खराडीची जागा दुसऱ्या गटाला गेली. आणि गटाची पुढारी म्हणून तिला दोन महिने शनिवारी यायला बंदी. परतताना रिक्षात ऐरण आमच्या दोघांच्या मध्ये होती. मी म्हणालो, "जाऊ दे, कोट घालून कोणी मोठं होत नसतं." लाज झाकायला माणूस काय काय बोलतो. ती बाहेर बघत होती. कोट मांडीवर घेतला होता आणि एकेक टाचणी काढून पदराला लावावी तशी स्वतःच्या ओढणीला लावत होती.

पुढचे तीन शनिवार ती घरात होती. वरून आवाज नाही. मिनिट लावून कोणी बोलत नाही. मी खाली ठोकत होतो आणि आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्याच ठोक्यांचा कंटाळा आला. जेवताना ती मला वाढायची, "आजोबा, अजून घ्या" म्हणायची. भांडली असती तर बरं झालं असतं. तिची आजीही अशीच वाढायची.

चौथ्या शनिवारी मी कोणाला न सांगता बसने कर्वेनगरला गेलो. पिशवीत तो लोटा आणि पिठाच्या डब्यामागची हातोडी. बायको गेल्यापासून ती मी हलवली नव्हती. क्लबाची अध्यक्ष एक मुलगी आहे, बॉबकट, फार शिस्तीची. मला दारात बघून गोंधळली.

"काका, तुमची नात आज नाहीये. म्हणजे, तिला सध्या..."

"माहितीये. माझ्यामुळेच नाहीये. मला बोलायचंय."

"आमचा फॉरमॅट असतो, काका. प्रत्येकाला एक मिनिट."

"द्या की मग एक मिनिट."

उभा राहिलो. तिने घंटीवर हात ठेवला. मी सुरुवात केली, मी तांबट, पंचावन्न वर्षं हा धंदा करतो, माझे वडील, त्यांचे वडील, मी सायकलवरून कसा पडलो, माझं मनगट, डॉक्टर काय म्हणाला. घंटी वाजली.

मी तसाच उभा. अख्खं मिनिट मी माझ्याबद्दलच बोललो होतो. तिच्यापर्यंत पोचलोच नव्हतो.

"सॉरी काका, टाइम झाला," अध्यक्ष म्हणाली. वाईट तिलाही वाटलं असेल, पण नियम म्हणजे नियम. मी पिशवी उचलली. तेवढ्यात मागून तो कुरळ्या केसांचा उठला.

"माझा टर्न हाय पुढचा. माझं मिनिट यांना द्या."

अध्यक्ष त्याच्याकडे बघत राहिली. "असं चालत नाही."

"लिहिलंय का कुठं, चालत नाय म्हणून?"

तिने भिंतीकडे पाहिलं, मग घंटी पुन्हा मांडली.

मी लोटा टेबलावर उलटा ठेवला, शेजारी हातोडी. म्हणालो, हे ठोके माझ्या बायकोचे आहेत. ती डावरी होती. सव्वीस वर्षं तिने बंद दाराआड मठार केली आणि मी माझी म्हणून विकली. सत्कार घेतला. त्या दिवशी इथे नातीने दाखवलेलं सगळं खरं होतं, खोटा मी होतो. मला सगळं आठवत होतं. बंदी घालायची तर मला घाला.

मग माझ्याजवळ बोलायला काही उरलं नाही. घंटी वाजायला बराच वेळ होता. ती वाजेपर्यंत मी उभा राहिलो, कारण बसायचं कधी ते घंटीच सांगते. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शहाणी पोरं.

घरी पोचलो तर नात जिन्यात उभी. गटातल्या मैत्रिणीने फोन करून सगळं सांगितलं होतं. मला वाटलं, पोरगी आता मोकळी होईल, रडेल, गळ्यात पडेल.

"तुम्ही त्यांना आधी सांगितलंत," ती म्हणाली. "मी वर बसले होते. चौदा पायऱ्या. मला सांगता नाही आलं?"

मी पिशवी खाली ठेवली.

"आजी जवळजवळ वर्षभर अंथरुणात होती. मी तिचे पाय दाबायचे. तिने मला यातलं एका शब्दाने सांगितलं नाही. का नाही बोलली, आजोबा?"

"माझी लाज राखायला."

"आणि तुम्ही? तुम्ही तिला कधी म्हणालात का, की छान झालंय?"

खोटं बोलायला आता तरी जागा नव्हती. "नाही," म्हणालो.

ती वर निघून गेली.

क्लबाने बंदी उठवली. खराडीची जागा मात्र गेली ती गेली, दुसऱ्या गटाची नावं कंपनीला कळवूनही झाली होती. नातीने तिथे रडगाणं गायलं नाही, मी अध्यक्ष मुलीला फोन करायला निघालो तर मलाच अडवलं. पण क्लब दर वर्षी सगळे प्रकल्प एकत्र करून पुस्तक काढतो, त्यात आमच्या धंद्याची दोन पानं ठेवायचं ठरलं. एका संध्याकाळी नात तो कागद घेऊन दुकानात आली. माझ्या समोर ऐरणीवर ठेवला. वर लोट्याचा फोटो होता. खाली छापलं होतं, "मठार कारागीर", आणि पुढे माझं नाव होतं ते खोडून जागा मोकळी सोडली होती.

"मी टाइप करू शकते," ती म्हणाली. "पण तुम्ही लिहा."

तिने पेन दिलं. पहिलं अक्षर काढायला वेळ लागला, मनगटाचं निमित्त सांगणार नाही. बायकोचं नाव लग्नात घास भरवताना उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर "अगं"वर सगळा संसार झाला. आणि लिहिलं एकदाच, स्मशानातल्या फॉर्मवर. तेव्हाही कारकुनाने विचारलं होतं, मृताचा व्यवसाय? मी म्हणालो होतो, काही नाही, घरकाम.

चौथीच्या अक्षरात नाव लिहिलं. काना थोडा लांब गेला. नातीने कागद उजेडात धरून पाहिला.

"आडनाव?" तिने विचारलं.

मी बायकोच्या माहेरचं, तिच्या बापाचं लिहिलं. हातोडी धरायला तिथे शिकली होती ती.